फुलांचे रहस्य उकलणारे शिक्षक

जास्वंदीच्या झुडपावर शिंजीर आला, की तो नेहमी फुलाच्या तोंडाशीच जातो असे नाही. पुष्कळदा तो देठाजवळ बसतो, फुलाच्या बुडाशी बाजूने चोच खुपसतो आणि तेथूनच मकरंद पिऊन उडून जातो. परागांचा कणही त्याच्या अंगास लागत नाही. नागपूरजवळच्या कोराडीत जगदंबेला वाहण्यासाठी ज्यांनी अंगणात जास्वंद लावली आहे, त्यांनी सकाळी थोडा वेळ शांत उभे राहावे. हा प्रकार त्यांना पाहावयास मिळेल. पाहुण्याने पराग वाहून न्यावेत म्हणून फूल मकरंद निर्माण करते. हा पाहुणा मात्र काही मोल न देताच मेजवानी झोडतो. ही चोरी ज्यांनी फार पूर्वी बारकाईने टिपून ठेवली, ते ख्रिस्तियान कॉनराड श्प्रेंगेल हे एक शाळामास्तर होते.

त्यांचा जन्म १७५० साली जर्मनीतील ब्रांडेनबुर्ग ह्या गावी एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. त्यांनी धर्मशास्त्राचे अध्ययन केले. पण पुढे शिक्षकाचा पेशा पत्करला. १७८० साली ते बर्लिनजवळच्या श्पांडाउ गावच्या शाळेचे मुख्याध्यापक झाले. प्रकृती बरी नसे. तेव्हा हाइम नावाच्या डॉक्टरांनी त्यांस वनस्पतींचा अभ्यास करण्याचा सल्ला दिला. औषध म्हणून आरंभिलेला हा छंद लवकरच त्यांचे सर्वस्व बनला.

१७८७ च्या उन्हाळ्यात एक रानफूल न्याहाळताना पाकळ्यांच्या तळाशी त्यांस अगदी बारीक केस दिसले. दुसरा कोणी असता तर पुढे गेला असता. श्प्रेंगेल थांबले. निसर्गात एक केसही व्यर्थ नसतो, अशी त्यांची श्रद्धा होती. कपाळावरचा घाम भुवईमुळे डोळ्यांत उतरत नाही, त्याप्रमाणे हे केस पावसाचे पाणी मकरंदात मिसळू देत नाहीत, असे त्यांनी ताडले. पण मग मकरंद राखून ठेवायचा तो कोणासाठी? कीटकांसाठी! पुढील वर्षी एका निळ्या फुलाच्या मुखाभोवतीचे पिवळे कडे पाहून, ही कीटकांस वाट दाखविणारी खूण होय, हे त्यांच्या ध्यानी आले.

त्यानंतर ते उन्हातान्हात तासन्‌तास एकेका फुलापाशी बसू लागले. कित्येक फुलांत पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकाच वेळी पक्व होत नाहीत, म्हणजे अशा फुलास स्वतःचा पराग उपयोगी पडत नाही, हे त्यांनी पाहिले. काही फुले मकरंद नसताना तो असल्याचा देखावा करून कीटकांस फसवितात. उलट काही कीटक फुलाची नळी बाहेरून पोखरून आतला मकरंद लांबवितात, हेही त्यांच्या दृष्टीतून सुटले नाही. १७९३ साली त्यांनी हे सारे एका ग्रंथात मांडले. त्यात चारशेहून अधिक वनस्पतींची निरीक्षणे आणि २५ चित्रपट्ट आहेत.

ग्रंथाचे स्वागत झाले नाही. महाकवी गटे हे वनस्पतींचे अभ्यासक होते. त्यांसही तो रुचला नाही. निसर्गास माणसासारखी बुद्धी चिकटविली, असा त्यांचा आक्षेप होता. शाळेतही कुरबुर वाढली होती. श्प्रेंगेल वर्गात फार कठोर वागत, आणि ह्या बाबतीत त्यांची बाजू घेणे मला तरी कठीण वाटते. पालक आणि वरिष्ठ दोघेही नाराज झाले. १७९४ साली त्यांस अल्प निवृत्तिवेतन देऊन कामावरून दूर करण्यात आले. ग्रंथाचा दुसरा भाग निघालाच नाही. बर्लिनमध्ये शिकवण्या करून ते राहिले. १८११ साली त्यांनी मधमाश्यांच्या उपयुक्ततेवर एक पुस्तिका लिहिली. पीक चांगले यावे तर शेताजवळ मधमाश्या हव्यात, हे त्यांचे सांगणे तेव्हा फारसे कोणी मनावर घेतले नाही. १८१६ साली ते निवर्तले.

पुढे २५ वर्षांनी, १८४१ साली, इंग्लंडमध्ये चार्ल्स डार्विन ह्यांनी तो विस्मृत ग्रंथ वाचला. योगायोग असा, की त्याच वर्षी डार्विन ह्यांनीही बागेतील फुलांस भोके पाडून मकरंद चोरणाऱ्या केसाळ माश्यांविषयी लिहिले होते. परक्या परागाने होणाऱ्या बीजापासून सशक्त रोपे निपजतात, हे डार्विन ह्यांनी पुढे प्रयोगांनी दाखविले. श्प्रेंगेल ह्यांच्या निरीक्षणांत जो दुवा राहिला होता, तो असा सांधला गेला.

चोरांपुढे फुले अगदीच असहाय नसतात. आपल्याकडील चित्रकाचे फूल पाहा. त्याच्या पाकळ्यांच्या नळीभोवती जो हिरवा पेला असतो, त्यावर चिकट ग्रंथी असतात. खालून चढणारे लहान कीटक त्यांस चिकटून बसतात. काही फुलांचा हा पेला इतका जाड असतो, की तो पोखरणे कठीण जाते. काहींच्या नळीत केसांचा दाट पडदा असतो. शिवाय प्रत्येक चोरीने नुकसानच होते असेही नाही. मकरंद कमी उरला, की प्रामाणिक पाहुण्यास पोट भरण्यासाठी अधिक फुले हिंडावी लागतात आणि पराग कधी कधी अधिक दूर पोचतो.

बर्लिनच्या वनस्पती उद्यानात आज श्प्रेंगेल ह्यांचे स्मारक आहे. श्पांडाउ आता बर्लिन शहराचाच भाग झाले आहे.