सरांनी हातात ठेवलेली ‘स्मरणगाथा’

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा निरोप आला तेव्हा बहुतेकांना वाटलं असेल की मी कबड्डीच्या ढालीबद्दल लिहीन. पण मी लिहिणार आहे गो. नी. दांडेकरांबद्दल. ते आपल्या शाळेचे ना विद्यार्थी, ना शिक्षक. तरी शाळेनं मला जे दिलं त्यात गोनीदा फार वरच्या जागी आहेत.

नववीत सहामाहीला मी गणितात नापास झालो आणि प्रगतिपुस्तक घरी न दाखवता पळालो, हे आपल्या तुकडीला माहीत आहेच. एक रात्र एसटी स्टँडवर काढली. सकाळी आपले मराठीचे सर सायकल घेऊन शोधत आले. त्यांनी आधी चहा पाजला, मग घरी नेऊन सोडलं. रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयाच्या तासाला एक जाडजूड पुस्तक माझ्या हातात ठेवलं. ती होती ‘स्मरणगाथा’. घरून पळालेल्या पोराला, घर सोडून गेलेल्या मुलाचं आत्मकथन! आज शिक्षक-पालक सभेत कुणी असं केलं तर गदारोळ होईल.

गोपाळ नीलकंठ दांडेकर यांचा जन्म 8 जुलै 1916 चा, अमरावती जिल्ह्यातल्या परतवाड्याचा. तेराव्या वर्षी, सातवीत असताना त्यांनी शाळा आणि घर दोन्ही सोडलं. गांधीजींच्या हाकेचे ते दिवस. स्वातंत्र्याच्या चळवळीत उडी घ्यायची, एवढंच त्या पोराच्या डोक्यात होतं. पुढे वाट कुठल्या कुठे गेली. गाडगेबाबांचा सहवास लाभला. बाबांबरोबर गावोगाव हिंडावं, त्यांचा निरोप पोचवावा, दिवसा झाडलोट आणि रात्री कीर्तन, अशी ती शाळा. मग आळंदीला ज्ञानेश्वरीचा आणि वेदान्ताचा अभ्यास. नर्मदेची परिक्रमा तर पायी केली. तीच पुढे ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ या कादंबरीत उतरली.

मी अधाशासारखा वाचत गेलो, आणि हळूहळू माझी गंमत ओसरली. मी पळालो होतो मार चुकवायला. हा मुलगा निघाला होता काहीतरी गाठायला, आणि त्याची किंमत त्यानं भुकेनं मोजली होती. कुठे पंगतीत जेवण, कुठे उपास, कुठे देवळाची ओसरी. पळून जाण्यात काही शौर्य असतं, ही माझी समजूत त्या पुस्तकानं कायमची काढून टाकली. सरांचा हेतू हाच होता का, ते मी त्यांना कधी विचारलं नाही.

आणखी एक गोष्ट मात्र चाळिशीनंतर कळली. हा भटका माणूस पुढे पक्का घरचा झाला. पत्नी नीराताई आणि मुलगी वीणा यांच्यासह तळेगाव दाभाड्यात त्यांनी संसार मांडला. नोकरी नाही, डिग्री नाही, केवळ लेखणीवर घर चालवायचं! त्या काळी मराठीत हे धाडसच होतं, आणि ते एकट्याचं नव्हतं. महिन्याच्या पगाराची खात्री नसलेलं घर सांभाळणाऱ्या नीराताईंचाही त्यात निम्मा वाटा.

डोंगर मात्र सुटले नाहीत. आधी घर सोडून डोंगरात गेलेला माणूस आता घरच्यांना डोंगरात घेऊन जाऊ लागला. मुलगी आणि पुढे नातीसुद्धा या अप्पांबरोबर गड चढल्या. त्यांतली एक नात म्हणजे अभिनेत्री मृणाल कुलकर्णी. सगळ्या गडांत राजगडावर त्यांचा विशेष जीव. हातात कॅमेरा, खांद्यावर पडशी आणि वाटेत भेटणाऱ्या धनगराशी, कातकऱ्याशी गप्पा. त्या गप्पांतूनच त्यांची माणसं आली. ‘माचीवरला बुधा’मधला म्हातारा मुंबई सोडून राजमाचीला परततो आणि झाडापाखरांत रमतो. ‘पवनाकाठचा धोंडी’ मावळातला, ‘रानभुली’ रायगडावरची, ‘जैत रे जैत’ ठाकरवाडीतलं. ‘शितू’ आणि ‘पडघवली’त कोकण आहे, तर ‘पूर्णामायची लेकरं’मध्ये थेट वऱ्हाडी बोली. ज्या मुलखात गेले, तिथली बोली ते घेऊन आले. ‘जैत रे जैत’वर 1977 साली जब्बार पटेलांनी काढलेला चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी दूरदर्शनवर पाहिला असेल.

‘स्मरणगाथे’ला 1976 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. 1981 साली अकोल्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. सातवीतून शाळा सोडलेला वऱ्हाडचा मुलगा, वऱ्हाडातच संमेलनाध्यक्ष! आपल्या सरांना या गोष्टीचा कोण आनंद. 1 जून 1998 रोजी गोनीदा गेले. वीणाताईंनी पुढे ‘आशक मस्त फकीर’ हे त्यांचं चरित्र लिहिलं आणि घरच्या मंडळींना घेऊन त्यांच्या कादंबऱ्यांचं अभिवाचन वर्षानुवर्षं गावोगाव केलं. बापाचे शब्द लेकीनं, जावयानं, नातीनं लोकांना वाचून दाखवायचे, याहून मोठं श्राद्ध कुठलं?

मी पुण्यात कॉलेजला असताना लोकल तळेगावला थांबायची. दर वेळी वाटायचं, उतरावं, घर विचारावं, पाया पडून यावं. एवढ्या मोठ्या माणसाकडे काय बोलणार, या संकोचात ते राहून गेलं. पुढे नोकरीनिमित्त बारा वर्षं मी आखातात होतो. मुलगी लहानाची मोठी झाली ती फोनवर. परत आल्यावर तिच्याशी बोलायचं काय, हेच सुचेना. शेवटी एका रविवारी तिला घेऊन गुंजवण्याला गेलो आणि चोरदरवाजानं राजगड चढलो. वर पद्मावतीच्या देवळात बसून तिला पळून गेल्याची गोष्ट सांगितली. ती खूप हसली. मग डबा उघडला आणि आम्ही सूर्य मावळेपर्यंत बोलत राहिलो. तेव्हा अप्पांचा संसार मला खऱ्या अर्थानं उमगला. निघून जाणं मलाही जमलं होतं, घरच्यांना बरोबर घेऊन जाणं मात्र मी फार उशिरा शिकलो.

मित्रमैत्रिणींनो, सर आता पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. डोळ्यांनी वाचणं होत नाही, गड चढणं तर नाहीच. म्हणून मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी चार वाजता, मी त्यांच्या घरी जाऊन ‘माचीवरला बुधा’ वाचून दाखवणार आहे. एका बैठकीत पुरी होणार नाही, म्हणून पुढचे रविवार कुणीतरी वाटून घ्यावेत. आणि शाळेच्या ग्रंथालयाची ती ‘स्मरणगाथा’ माझ्याकडेच राहिली होती. नवं कव्हर घालून या मेळाव्यात परत करतो आहे. दंड किती झाला, ते ग्रंथपाल बाईंनी सांगावं.