विश्लेषण : पेटीला स्वतंत्र वाद्याचा मान कसा मिळाला? गोविंदराव टेंबे यांचे योगदान काय?

साथीची पेटी मैफलीच्या मध्यभागी आणणाऱ्यांत गोविंदराव टेंबे यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. मात्र त्यांच्या हयातीतच आकाशवाणीने या वाद्याला दार बंद केले.

गोविंदराव कोण होते?

जन्म ५ जून १८८१, कोल्हापूरजवळच्या सांगवडे गावी. वकिलीची परीक्षा देऊनही त्यांचा ओढा संगीताकडेच राहिला. भास्करबुवा बखले यांना त्यांनी पेटीची साथ केली आणि त्यांनाच गुरू मानले. अल्लादिया खाँ यांच्या गायकीचा त्यांच्यावर गाढ प्रभाव होता. पुढे त्यांनी खाँसाहेबांचे चरित्रही लिहिले.

पेटीवर आक्षेप काय होता?

हार्मोनियम युरोपातून आली. तिचे स्वर पट्ट्यांना बांधलेले असतात. त्यामुळे मींड घेता येत नाही आणि सूक्ष्म श्रुतीही निघत नाहीत. आजच्या सिंथेसायझरवर स्वर वळवण्याची सोय असते, तशी पेटीवर नाही. ही उणीव बोटांची चपळाई, कणस्वर आणि भात्यावरचा ताबा यांनी भरून काढावी लागते. गोविंदरावांनी ते साधले आणि गायकी अंगाचे स्वतंत्र पेटीवादन लोकप्रिय केले.

वेगवेगळे संगीतप्रकार एकत्र कसे आले?

किर्लोस्कर नाटक मंडळीने १९११ मध्ये रंगभूमीवर आणलेल्या खाडिलकरांच्या ‘मानापमान’ला गोविंदरावांनी चाली दिल्या. रागदारीबरोबर ठुमरी, दादरा, कजरी यांचा पूरबी रंग त्यांनी नाट्यपदांत आणला. १९१३ मध्ये बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्यासह ते गंधर्व नाटक मंडळीच्या स्थापनेत होते. पुढे त्यांनी स्वतःची शिवराज नाटक मंडळी काढली. १९३२ मध्ये ‘प्रभात’च्या ‘अयोध्येचा राजा’ या पहिल्या मराठी बोलपटाला त्यांनी संगीत दिले, शिवाय हरिश्चंद्राची भूमिकाही केली.

बंदीचे काय झाले?

१९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली. ९ ऑक्टोबर १९५५ रोजी गोविंदरावांचे निधन झाले, तेव्हाही ती कायम होती. सत्तरच्या दशकापासून ती टप्प्याटप्प्याने सैल झाली.

आज हे का महत्त्वाचे?

बंदी रेडिओवर होती, देवळात आणि रंगमंचावर नव्हती. बीड जिल्ह्यातील धर्मापुरीसारख्या गावांतल्या भजनापासून शहरांतल्या नाट्यगीतांच्या मैफलींपर्यंत पेटीचा सूर टिकला. वाद्याची मर्यादा मान्य करूनही त्यातून आपले संगीत काढता येते, हे गोविंदरावांनी वाजवून दाखवले होते.