जॉन ब्राउनिंग आणि आमचे काका

आधीच सांगून टाकते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे माझं लेखी मराठी जरा लंगडत चालतं. चुका पदरात घ्या. विषय मात्र अस्सल मेकॅनिकलचा आहे आणि तो मला पुस्तकात नाही, तर आमच्या घाटनांदूरच्या ओसरीवर सापडला.

घाटनांदूर म्हणजे बीड जिल्हा, अंबाजोगाई तालुका. परळीहून लातूर रोडकडे जाणाऱ्या रेल्वेवरचं स्टेशन, एवढीच बाहेरच्यांना त्याची ओळख. तिथे माझ्या काकांचं आडत दुकान आहे. सोयाबीनच्या दिवसांत काकांच्या पिशवीत बरीच रोकड असते. एका रात्री अंबाजोगाईहून परत येताना दोन मोटारसायकली गावाच्या वेशीपर्यंत त्यांच्या मागे आल्या. झालं काहीच नाही. पण काकांची झोप उडाली आणि त्यांनी शस्त्र परवान्यासाठी अर्ज केला. पोलिसांची चौकशी, कलेक्टर कचेरीच्या खेपा, सगळं होऊन २०२४ च्या दिवाळीच्या आधी परवाना हातात पडला. आता घ्यायचं काय, रिव्हॉल्व्हर की पिस्तूल? चहाच्या हॉटेलात यावर दोन पार्ट्या पडल्या होत्या. काकांनी सगळ्यांसमोर माझ्याकडे बोट दाखवलं, पोरगी मेकॅनिकलला आहे, ती सांगेल!

आता आली का पंचाईत! आमच्या लॅबमध्ये गव्हर्नर आहे, जायरोस्कोप आहे, पण पिस्तूल कुठून असणार? मी दोन दिवसांची मुदत मागून घेतली आणि वाचत बसले. वाचता वाचता पिस्तूल राहिलं बाजूला आणि मी एका माणसातच अडकले. त्याचं नाव जॉन मोझेस ब्राउनिंग. डिग्री नाही, ड्रॉइंगचा पेपर नाही, के.टी. नाही... आणि नावावर १२८ पेटंट्स!

ब्राउनिंगचा जन्म २३ जानेवारी १८५५ चा, अमेरिकेतल्या युटा प्रांतातल्या ऑग्डेन गावचा. वडील जोनाथन बंदुका दुरुस्त करणारे कारागीर. ते मॉर्मन पंथाचे होते. तीन बायका आणि बावीस मुलं एवढा त्यांचा संसार! गंमत अशी की या वडिलांनी तरुणपणी, युटाला येण्याच्याही आधी, फिरत्या सिलिंडरची रायफल बनवली होती. म्हणजे तत्त्व रिव्हॉल्व्हरचंच. सॅम्युअल कोल्टने रिव्हॉल्व्हरचं अमेरिकन पेटंट १८३६ मध्ये घेतलं, त्याच जमान्यातली ही गोष्ट. ज्या घरात बापाने फिरतं चाक बनवलं, त्याच घरातल्या पोराने पुढे त्या चाकाला मोठा प्रतिस्पर्धी उभा केला.

जॉन बापाच्या दुकानातच वाढला. भंगारातल्या तुकड्यांतून त्याने लहानपणीच बंदूक जुळवली. शाळा थोडीच झाली. १८७९ हे वर्ष त्याच्या आयुष्यातलं मोठं. एप्रिलमध्ये लग्न झालं, वडील वारले आणि ऑक्टोबरमध्ये पहिलं पेटंट मिळालं, एका वेळी एकच काडतूस घेणाऱ्या रायफलचं. भावांना हाताशी धरून त्याने छोटा कारखाना काढला. १८८३ मध्ये विंचेस्टर कंपनीचा मोठा अधिकारी रेल्वेने थेट ऑग्डेनला आला आणि त्या रायफलचे हक्क ८,००० डॉलरला घेऊन गेला. पुढची जवळजवळ वीस वर्षं ब्राउनिंग नवीन डिझाइन करी आणि विंचेस्टर ते विकत घेई.

आता मला सगळ्यात आवडलेला प्रसंग. १८८९ साल. ऑग्डेनजवळच्या दलदलीच्या भागात नेमबाजी चालली होती. कुणीतरी गोळी झाडली की नळीच्या तोंडासमोरचं उंच गवत जोरात वाकतं, हे ब्राउनिंगने पाहिलं. ते काय सगळेच बघत होते! पण याच्या मनात आलं की गोळी तर निघून गेली, मग गवत वाकवायला ही शक्ती आली कुठून? नळीतून गोळीच्या मागोमाग जो गॅस सुटतो तो फुकट जातोय. या फुकट जाणाऱ्या शक्तीने बंदुकीने स्वतःच पुढचं काडतूस का भरू नये? तो तडक दुकानात गेला आणि प्रयोगाला लागला. नळीच्या तोंडापुढे गोळी जाण्यापुरतं भोक पाडलेला लोखंडाचा तुकडा बसवला. गॅसने तो पुढे ढकलला की त्याला जोडलेली दांडी यंत्रणा हलवणार. थर्मोडायनॅमिक्सला आपण ज्याला वेस्ट एनर्जी म्हणतो, ती या माणसाने गवत बघून कामाला लावली. त्यातून कोल्टची १८९५ ची मशीनगन निघाली.

पिस्तुलात त्याने तोच विचार वेगळ्या रीतीने वापरला. रिव्हॉल्व्हरमध्ये सगळी मेहनत आपल्या बोटाची असते. चाप ओढला की चाक फिरतं, घोडा मागे जातो, सुटतो, गोळी उडते. ब्राउनिंगच्या छोट्या पिस्तुलात गोळी पुढे जाताना जो धक्का मागे बसतो, त्यावर वरची स्लाइड मागे जाते, रिकामं काडतूस बाहेर फेकते, आणि स्प्रिंगच्या जोराने पुढे येताना मॅगझिनमधलं नवीन काडतूस नळीत ढकलते. मोमेंटमचा नियम अकरावीतलाच. गोळी चार-पाच ग्रॅमची पण वेग प्रचंड, स्लाइड जड म्हणून सावकाश. स्लाइडचं वजन आणि स्प्रिंगचा ताण यांचा मेळ जमला की झालं यंत्र तयार. मी हे वहीवर सोडवून पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला, खरंच! परीक्षेत हाच नियम लिहिताना कधी आला नव्हता.

१८९७ मध्ये त्याने पिस्तुलांची पेटंट्स घेतली. त्याच साली बेल्जियमच्या एफ.एन. कंपनीचा माणूस अमेरिकेत त्याला भेटला आणि करार झाला. १९०० साली ते पिस्तूल बाजारात आलं, सोबत त्याचंच डिझाइन केलेलं .३२ चं काडतूस. चपटं, हलकं, कोटाच्या खिशात मावणारं. ग्राहक कोण? सैनिक तर होतेच, पण रात्रीबेरात्री फिरणारे डॉक्टर, व्यापारी, प्रवासीसुद्धा. म्हणजे आमच्या काकांसारखीच माणसं. ते इतकं खपलं की फ्रेंच भाषेत पिस्तुलालाच ब्राउनिंग म्हणू लागले, आपण वनस्पती तुपाला डालडा म्हणतो तसं. अमेरिकेत त्याची पिस्तुलं कोण बनवत होतं माहीत आहे? कोल्ट! रिव्हॉल्व्हरवर मोठी झालेली तीच कंपनी.

१९०२ मध्ये विंचेस्टरशी बिनसलं. आपोआप भरणाऱ्या शॉटगनवर ब्राउनिंगला प्रत्येक नगामागे रॉयल्टी हवी होती, कंपनी एकरकमी पैशांवर अडून बसली. तो रेमिंग्टनच्या अध्यक्षांना भेटायला गेला, तर ते त्याच दिवशी हृदयविकाराने वारले. मग तो बोटीने बेल्जियमला गेला आणि शॉटगन एफ.एन.ला दिली.

मार्च १९११ मध्ये अमेरिकन सैन्याने त्याच्या .४५ पिस्तुलाची परीक्षा घेतली. तब्बल ६,००० गोळ्या. पिस्तूल तापलं की पाण्यात बुडवायचं आणि पुन्हा सुरू. एकदाही अडकलं नाही. प्रतिस्पर्धी पिस्तूल मात्र ३७ वेळा अडलं. आपल्या व्हायवात एक्सटर्नल एवढे कडक असते तर वर्गातलं कोणीच सुटलं नसतं. पहिल्या महायुद्धात सरकारने त्याच्या मशीनगन वगैरेंसाठी साडेसात लाख डॉलर देऊ केले. रॉयल्टी धरून बसला असता तर कितीतरी जास्त मिळाले असते, पण त्याने आहे ती रक्कम मान्य केली. २६ नोव्हेंबर १९२६ रोजी बेल्जियममध्ये, एफ.एन.च्या कारखान्यातच, मुलाच्या ऑफिसात त्याचं हृदय थांबलं. एक पिस्तूल अर्धवट राहिलं होतं, ते तिथल्याच एका डिझायनरने पुरं केलं आणि १९३५ मध्ये ते बाहेर आलं.

आता तुम्ही म्हणाल, हा परदेशी माणूस, आपला काय संबंध? मलाही तसंच वाटलं होतं. पण १९०९ च्या सुरुवातीला लंडनहून सावरकरांनी पेटीच्या चोरकप्प्यातून वीस पिस्तुलं भारतात पाठवली, ती ब्राउनिंगची होती. चतुर्भुज अमीन नावाच्या माणसाने ती आणली. त्यांतल्याच एकाने २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन यांना गोळ्या घातल्या. कान्हेरे आपल्या मराठवाड्यात, औरंगाबादला शिकत होते. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात कर्वे आणि देशपांडे यांच्यासह त्यांना फाशी झाली, तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. फर्स्ट इयरच्या मुलाएवढे. आणि जॅक्सन हे संस्कृतचे अभ्यासक होते, हेही मला याच वाचनात कळलं, आणि मग पुस्तक मिटून मी थोडा वेळ नुसती बसले. पेटीच्या तळात पिस्तुलंच का, रिव्हॉल्व्हर का नाहीत, याचं माझं उत्तर इंजिनिअरिंगचं आहे. रिव्हॉल्व्हरचं चाक जाड असतं, चोरकप्प्यात चपटी वस्तूच जास्त बसते. चंद्रशेखर आझादांचं अलाहाबादच्या संग्रहालयात ठेवलेलं कोल्ट पिस्तूल, तेसुद्धा ब्राउनिंगचंच डिझाइन.

आणि काकांचा प्रश्न? त्यातही ब्राउनिंग निघालाच. आपल्या कायद्यात साध्या नागरिकाला ९ मिलिमीटरचं पिस्तूल मिळत नाही. सरकारी ऑर्डनन्स फॅक्टरीने परवानेवाल्यांसाठी जे पिस्तूल बनवलं ते .३२ चं, आणि त्यात जातं ते १८९९ च्या सुमारास ब्राउनिंगने बनवलेलंच काडतूस. रिव्हॉल्व्हरही .३२ चंच, पण त्याचं काडतूस वेगळं आणि लांब. कानपूरला २०१४ मध्ये खास बायकांसाठी म्हणून निर्भीक नावाचं हलकं रिव्हॉल्व्हर काढलं, तेही .३२. म्हणजे ताकदीत फार फरक नाही. प्रश्न फक्त यंत्राचा.

इथे माझी खरी परीक्षा होती. पंधरा दिवस ब्राउनिंगच्या प्रेमात काढल्यावर मी अर्थातच पिस्तूल म्हणणार होते. गोळ्या जास्त, चपटं, भरायला सोपं. पण मग मी काका डोळ्यांसमोर आणले. ब्राउनिंगचं यंत्र स्वतःच्या धक्क्यावर चालतं, म्हणून ते धरणाऱ्याचा हात घट्ट लागतो. मनगट ढिलं पडलं की स्लाइड पुरती मागे जात नाही आणि काडतूस मधेच अडकतं. अडकलेलं काढायला सराव लागतो. त्याला तेलपाणी लागतं. काकांची मोटारसायकल सर्व्हिसिंगला शेवटची कधी गेली ते काकूला विचारा! रिव्हॉल्व्हरमध्ये एखादं काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढायचा, पुढचा कप्पा समोर येतो. आणि सगळ्यात वाईट गोष्ट, पिस्तुलाचं मॅगझिन काढलं तरी एक गोळी नळीत बसून राहू शकते. माणूस समजतो रिकामं आहे. रिव्हॉल्व्हरचं चाक बाहेर काढलं की सगळे कप्पे एका नजरेत दिसतात. घरात माझ्या चुलत भावाची चार वर्षांची मुलगी आहे आणि ती प्रत्येक ड्रॉवर उघडते.

मी फोनवर सांगितलं, रिव्हॉल्व्हर. काका जरा हिरमुसले. शर्टाखाली न दिसणारं पिस्तूल त्यांच्या मनात बसलं होतं. मग मी ड्रॉवरचं सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. नंतर त्यांनी विचारलं की गोळ्या एकीकडे, रिव्हॉल्व्हर दुसरीकडे कुलपात, असं ठेवलं तर रात्री रस्त्यावर त्याचा उपयोग काय? यावर ब्राउनिंगच्या १२८ पेटंट्समध्ये उत्तर नव्हतं आणि माझ्याकडेही नव्हतं.

महिनाभरातच, डिसेंबर २०२४ मध्ये, आमचा जिल्हा टीव्हीवर कशासाठी गाजला ते तुम्हाला माहीतच आहे. शस्त्र परवान्यांची तपासणी सुरू झाली, कित्येक रद्द झाले. काकांचा वाचला. पण त्यांनी अजून काही घेतलेलं नाही. रोकड कमी केली, बरेचसे पैसे आता थेट शेतकऱ्यांच्या खात्यावर जातात. अंधार पडायच्या आत ते घरी येतात. परवान्याचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, कपाटाच्या वरच्या कप्प्यात, काकूच्या पैठणीखाली आहे. मुदत संपायच्या आत काय ते ठरवायचं आहे, आणि या दिवाळीला मी गेले की तोच विषय पुन्हा निघणार आहे.