गादी गेली, पण पत्त्यातला राजा वाचवला : सावंतवाडीच्या शिवरामराजेंची गोष्ट

रील्स बघताना टॅरो कार्ड काढणारं कुणी ना कुणी समोर येतंच. 78 पत्ते आणि त्यावर राजा, राणी, सूर्य, चंद्र. पण 15व्या शतकात इटलीत टॅरो आलं ते साधा खेळ म्हणून. भविष्य सांगणं बरंच नंतरचं. असे चित्रांचे पत्ते आपल्या सावंतवाडीतही बनतात. त्यांना म्हणतात गंजिफा. ते आज बघायला मिळतात, याचं मोठं श्रेय जातं एका राजाला.

शिवरामराजे भोसले यांचा जन्म 1927 चा. 1937 मध्ये वडील बापूसाहेब महाराज गेले आणि शाळकरी वयातच ते गादीवर आले. स्वातंत्र्यानंतर संस्थान विलीन झालं. पुढे ते निवडणूक लढवून आमदारही झाले.

तोवर गंजिफा मात्र संपायला आला होता. हे पत्ते गोल असतात. दशावतारी गंजिफात 120 पत्ते. दहा अवतार आणि प्रत्येकाचे 12 पत्ते : राजा, प्रधान आणि एक ते दहा. मत्स्याच्या पत्त्यांवर मासे, परशुरामाच्या पत्त्यांवर परशू. चिंचोक्याची खळ आणि खडूची पूड लावून पत्ता तयार करायचा, हाताने रंगवायचा, वर लाखेचा थर द्यायचा. छापील पत्ते स्वस्तात मिळू लागल्यावर एवढी मेहनत कोण विकत घेणार?

जाणकार कारागीर जेमतेम उरले होते. त्यातले एक, वयोवृद्ध पुंडलिक चितारी. नुसते पैसे देऊन भागणार नव्हतं, कारण हातातली कला माणसाबरोबर जाते. म्हणून शिवरामराजे आणि राणी सत्त्वशीलादेवी स्वतः त्यांच्याकडून शिकले. मग गावातल्या तरुणांना शिकवलं. 1971 मध्ये 'सावंतवाडी लॅकरवेअर्स' सुरू झालं आणि राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये कारागीर रंगकाम करू लागले. त्याच वर्षी संसदेने देशभरातल्या राजांचे तनखे आणि पदव्या रद्द केल्या.

1995 मध्ये शिवरामराजे गेले. सत्त्वशीलादेवींनी 2018 पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, हे काम चालू ठेवलं. 2024 मध्ये सावंतवाडीच्या गंजिफाला जीआय मानांकन मिळालं.

आता पर्यटक हे पत्ते शोभेसाठी, भेट द्यायला घेऊन जातात. कला वाचली. पण गंजिफाचा डाव मांडता येणारी माणसं आता फार थोडी आहेत.