श्रीतुकोबारायांचे दिवाळे



कार्ल्याच्या सप्ताहात श्रीतुकोबारायांचे चरित्र मी किती वेळा लावले असेल, त्याची मोजदाद नाही. प्रसंग ठरलेला. धाकटे बंधू कान्होबा घरातील कर्जखते घेऊन नदीवर येतात, निम्मी खते त्यांच्या वाट्याला जातात आणि उरलेली निम्मी महाराज इंद्रायणीत सोडून देतात. श्रोते गहिवरतात, गजर होतो, आरती होते, मंडळी घरोघर जातात.

परंतु गेल्या खेपेस आरती झाल्यावर एक माळकरी मागे रेंगाळला. दरवर्षी पहाऱ्याला उभा राहून वीणा घेणारा हा गृहस्थ त्या सप्ताहात सात दिवस दिसलाच नव्हता. दुकान बसले होते, देणे वाढले होते, गावात तोंड दाखवायची चोरी झाली होती. त्याने खाली मान घालून विचारले की बुवा, मीही माझे कागद नदीत सोडले तर चालेल काय? खरे सांगायचे तर त्या रात्री मला उत्तर देता आले नाही. काव्य, व्याकरण, थोडा न्याय एवढे गुरुगृही शिकलो. पण दिवाळे म्हणजे काय, हे कोणी शिकविले नव्हते. म्हणून महाराजांचे चरित्र त्याच एका प्रश्नासाठी पुन्हा पाहिले. जे हाती लागले ते आपणा सज्जनांपुढे ठेवतो.

इंद्रायणी उगम पावते ती लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या बाजूला, आणि कार्ल्याच्या खालून वाहत पुढे देहूला जाते. कार्ल्याच्या डोंगरात एकवीरा आईशेजारी जे मोठे लेणे आहे, त्यावर भूतपाल नावाच्या वैजयंतीच्या श्रेष्ठीचा लेख कोरलेला आहे. श्रेष्ठी म्हणजे शेट, पेढीवाला. त्याने धन वेचून लेणे पुरे केले, ते दगडावर नोंदले गेले. याच नदीकाठी खाली देहूला दुसऱ्या एका वाण्याचे दिवाळे निघाले, त्याचीही नोंद राहिली. ती कोणी केली, ते पुढे येईलच.

महाराजांचा जन्म इ. स. १६०८ चा असे बहुतेक अभ्यासक मानतात. घराणे मोऱ्यांचे, आडनाव आंबिले. देहूच्या पेठेची महाजनकी घरात होती, वाणीपणाचा उदीम होता, चार कुळांना दिलेले कर्जही होते. पूर्वज विश्वंभरबाबांपासून घरात पंढरीची वारी आणि विठ्ठलाचे देऊळ. वडील बोल्होबा, माता कनकाई. थोरले बंधू सावजी मुळातच विरक्त, त्यामुळे व्यापाराचा भार मधल्या तुकोबांवर पोरवयातच आला. पहिली पत्नी रखुमाबाई दम्याने आजारी असे. म्हणून पुण्याच्या आप्पाजी गुळव्यांची कन्या जिजाई हिच्याशी दुसरे लग्न झाले. सासर सावकाराचे. सगळे कसे भरल्या घरासारखे.

मग एकेक खांब पडू लागला. सतराव्या वर्षाच्या सुमारास मातापिता गेले. पाठोपाठ भावजय गेली आणि सावजी घर सोडून तीर्थाटनाला निघून गेले. विसाव्या वर्षाच्या पुढेमागे व्यापाराला उतरती कळा लागली. आप्तांनी भांडवल दिले, सासऱ्यांनी सावरून धरले. परंतु बसलेला धंदा उठेना. तशात १६३० चा महादुष्काळ आला. दख्खन आणि गुजरात दोन्ही त्याने होरपळून काढले. गुरे गेली, कुळांकडून वसूल काही येईना, बाजारात पत उरली नाही. रखुमाबाई अन्नावाचून गेली, लहानगा संतोबा गेला. देहूच्या महाजनाचे दिवाळे निघाले.

आता बघा, महाराजांनी यावर काय केले? बहुधा माणूस दिवाळे झाकतो. दारे लावून बसतो, एकाचे देणे फेडण्यासाठी दुसऱ्याचे काढतो, दागिना भावाच्या नावे आणि शेत मेहुण्याच्या नावे करतो. महाराजांनी यातले काही केले नाही. संतांनी वृत्तांत विचारला, तेव्हा त्यांनी आपल्या अभंगातच सगळे उघड केले. दुष्काळाने द्रव्य आणि मान दोन्ही नेले, बायको अन्न अन्न करीत मेली, लाज वाटली, व्यवसायात तूट येत गेली, हे त्यांनी आपल्या तोंडाने सांगितले. वह्या नाहीत, दप्तर नाही, पण ही नोंद गाथ्यात आजही आहे आणि पाहिजे त्याने उघडून पाहावी. भूतपालाच्या दानाचा लेख दगडावर आहे, तुकोबांच्या दिवाळ्याचा लेख लोकांच्या कंठी आहे.

दिवाळे निघाल्यावरही महाराज उदीम करीतच राहिले, हे कीर्तनात आम्ही फार लवकर ओलांडून जातो. महिपतीबुवा भक्तलीलामृतात सांगतात की जिजाईने स्वतःच्या जबाबदारीवर दोनशे रुपये कर्ज काढून दिले. त्या भांडवलावर महाराजांनी फेरी केली आणि दोनशेचे अडीचशे झाले. परतताना वाटेत देण्यापायी धरलेला एक ब्राह्मण भेटला. लोकांपुढे हात पसरून तो ऋण फेडू पाहत होता. महाराजांनी जवळचे सगळे त्याला देऊन टाकले आणि रिकाम्या हाताने घरी आले. जिजाईने मग काय म्हटले असेल, ते घरोघरच्या मायबहिणींना सांगायला नको. कर्ज तिच्या नावावर होते. तिचा राग खोटा नव्हता, आणि तिला कजाग ठरवून हसविणारे आम्ही कीर्तनकार तिचे ऋणीच आहोत.

यानंतर महाराज भामगिरीवर एकांतात बसले. कान्होबा शोधीत आले, तेव्हा खतांचा तो प्रसंग घडला. खते कोणाची? लोकांनी यांना जे देणे होते, त्याची. कान्होबांना प्रपंच होता. म्हणून त्यांचा वाटा महाराजांनी बुडविला नाही. तो मोजून त्यांच्या हाती दिला. स्वतःच्या वाट्याचीच खते पाण्यात सोडली. आपण लोकांना देणे होतो त्याचे कागद त्यांनी बुडविले, असे चरित्रात कुठेही नाही. पुढे देवळाचा जीर्णोद्धार केला, कीर्तनाला उभे राहिले, आणि शके १५७१ च्या फाल्गुन वद्य द्वितीयेला, म्हणजे १६५० साली, वैकुंठगमन झाले. ज्याचा बाजार उठला, त्याच्या नावाचा गजर आज अखंड चालतो आहे.

आता त्या माळकऱ्याच्या प्रश्नाकडे येऊ. धनकोने आपले येणे नदीत सोडले तर ते दान होते. ऋणकोने आपले देणे बुडविले तर ती दुसऱ्याच्या घरची चोरी होते. याच पुणे जिल्ह्यात १८७५ च्या मे महिन्यात सुप्याला गांजलेल्या कुळांनी सावकारांची खते जाळली. त्यांचे दुःख खरे होते आणि त्यातून १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदाही झाला. पण खत जाळल्याने कोणी ऋणातून सुटल्याचे ऐकिवात नाही.

सुटायची वाट वेगळी आहे. एका वकीलसाहेबांना विचारून घेतले, ते असे. प्रांतिक नादारी अधिनियम १९२० सालचा. २०१६ ची नवी संहिता झाली, तरी सामान्य माणसासाठी तिचा भाग अजून लागू केलेला नाही. म्हणून जुनाच कायदा चालतो. ज्याचे देणे पाचशे रुपयांवर आहे आणि फेडण्याची ऐपत नाही, त्याने जिल्हा न्यायालयात, आपल्याकडे पुण्याला, नादारीचा अर्ज करावा. अर्जात कोणाचे किती देणे, धनकोंची नावे, आणि आपली मिळकत काय व कोठे, हे सारे लिहावे लागते. हिशेबाच्या वह्या हजर कराव्या लागतात. त्या लपविल्या तर कैद होऊ शकते. आधीच्या दोन वर्षांत फुकट कोणाच्या नावे केलेली मिळकत न्यायालय रद्द करू शकते. नादार ठरल्याचा हुकूम राजपत्रात छापून येतो, आणि आताशा न्यायालयातील प्रकरण पक्षकाराच्या नावावरून संगणकावरही शोधता येते.

हे ऐकून तो गृहस्थ दचकलाच. नाव छापून येणार! पण कायदा सगळेच ओरबाडून नेत नाही. अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, स्त्रीला धर्मरीतीने उतरता येत नाही असा अलंकार, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची औते व बैल यांना हात लागत नाही. वागणूक सरळ दिसली तर पुढे न्यायालय त्याला ऋणमुक्त करते. लबाडीने काढलेले कर्ज, सरकारी देणे आणि पोटगी मात्र सुटत नाही, आणि ते योग्यच आहे.

मी त्याला एवढेच म्हटले की बाबा, राजपत्रात एकदा नाव छापले जाईल म्हणून तू भितोस, आणि ज्यांच्या नावाने माळ घातलीस त्यांचे दिवाळे तर आपण दरवर्षी टाळ वाजवून गावभर सांगतो. त्यांना लाज वाटली, हे त्यांनीच सांगितले. पण लाजेपोटी त्यांनी खोटे केले नाही, आणि जीवही दिला नाही. वह्या काढ, घरच्या लक्ष्मीला आधी सगळे सांग, आणि पुण्याला जा. मी बरोबर येतो.

आम्ही दोघे गेलो. प्रकरण चालू आहे, निकाल व्हायचा आहे. परंतु यंदाच्या सप्ताहात पहाटेच्या पहाऱ्याला वीणा त्याच्याच गळ्यात होती. बोला पुंडलिक वरदा हरि विठ्ठल.