एडिसन यांनी परत घेतलेली बॅटरी

थॉमस अल्वा एडिसन म्हटलं की शाळेच्या पुस्तकातला बल्ब आठवतो. पण पन्नाशी ओलांडल्यावर त्यांची दहाएक वर्षं एका बॅटरीने खाल्ली, हे फारसं कुणी सांगत नाही.

जन्म १८४७ चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या मिलान गावचा. शाळा जेमतेम, ऐकायला कमी. रेल्वेत पेपर विकले, तारयंत्रावर नोकरी केली. १८७९ च्या दिव्याची गोष्ट सगळ्यांना माहीत आहेच.

१८९९ च्या सुमारास त्यांनी विजेच्या मोटारींसाठी बॅटरीचं काम हाती घेतलं. तेव्हाची बॅटरी शिसं आणि आम्लाची, आपल्या इन्व्हर्टरला असते त्याच जातीची. भयंकर जड. एडिसन यांनी आम्ल सोडून अल्कली धरली, एका बाजूला लोखंड आणि दुसऱ्या बाजूला निकेल हायड्रॉक्साइड ठेवलं. स्वीडनचे वाल्डेमार युंगनर त्याच वाटेवर होते, त्यामुळे पेटंटवरून जुंपलीच.

माल गाजावाजा करून बाजारात आला, पण डबे गळू लागले, ताकद उतरू लागली. १९०४ मध्ये एडिसन यांनी उत्पादन थांबवलं आणि विकलेल्या बॅटऱ्या स्वतःच्या खर्चाने परत घेतल्या. पैसा गेला, नावही पणाला लागलं.

खोट निकेलच्या बाजूला होती. निकेल हायड्रॉक्साइडमधून वीज नीट वाहत नाही, म्हणून त्यात ग्रॅफाइट मिसळलेलं. चार्ज-डिस्चार्ज होताना माल फुगायचा आणि संपर्क सुटायचा. मग त्यांनी वेगळीच युक्ती काढली. विजेच्या मुलाम्याने तांब्याचा थर, त्यावर निकेलचा, पुन्हा तांब्याचा, असं चढवत जायचं आणि शेवटी तांबं विरघळवून टाकायचं. हाती उरतात निकेलचे पापुद्रे, जाडी साधारण १ मायक्रॉन! भोकं पाडलेल्या पोलादी नळीत एक थर पापुद्र्यांचा, एक हायड्रॉक्साइडचा, असे शेकडो थर ठासून भरले. नळी फुगू नये म्हणून बाहेरून कड्या घातल्या. द्रावणात थोडं लिथियम हायड्रॉक्साइड घातल्यावर क्षमताही वाढली. आजचे संशोधक धातूच्या ऑक्साइडचे नॅनोमीटर जाडीचे पत्रे काढतात, तेही चार्ज लवकर आत-बाहेर व्हावा म्हणूनच.

१९१० पर्यंत नवी बॅटरी चांगली चालू लागली, पण तोवर फोर्डची पेट्रोलवरची मॉडेल टी रस्त्यावर आली होती. १९१२ मध्ये कॅडिलॅकने इलेक्ट्रिक स्टार्टर बसवला. त्याला एका झटक्यात मोठा करंट लागतो, तिथे शिशाचीच बॅटरी चालली. शिवाय एडिसन यांची बॅटरी थंडीत मंदावायची. मोटार हातची गेली ती गेलीच. रेल्वे सिग्नल आणि खाणकामगारांच्या दिव्यांत मात्र ती टिकली, आणि म्हातारपणी त्यांना चांगला पैसा देऊन गेली.

१८ ऑक्टोबर १९३१ ला न्यू जर्सीतल्या वेस्ट ऑरेंज इथे एडिसन वारले. त्यांची बॅटरी अमेरिकेत १९७० च्या दशकापर्यंत बनत होती.