कॅन्सरशी झुंजत फवारणीच्या विषाचा हिशेब मांडणारी बाई : रेचल कार्सन

फवारणीच्या विषाला आपण गावाकडं औषध म्हणतो. कृषी सेवा केंद्रात गेलो की अळीचं औषध द्या, तुडतुड्याचं औषध द्या, असंच मागतो. अमेरिकेतल्या एका बाईनं साठ वर्षांपूर्वी अशाच एका नावावर बोट ठेवलं होतं. कीटकनाशक हे नावच चुकीचं आहे, हे विष काही कीटकावर थांबत नाही, तेव्हा त्याला जीवनाशक म्हणा, असं तिचं म्हणणं होतं. ही बाई डॉक्टर नव्हती, पुढारी नव्हती, तिच्यामागं कुठली संघटनाही नव्हती. तरी तिच्या एका पुस्तकामुळं अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना चौकशी समिती नेमावी लागली. त्यांचं नाव रेचल कार्सन.

शेतावरचं बालपण

रेचल यांचा जन्म २७ मे १९०७ चा. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात स्प्रिंगडेल नावाचं गाव आहे, तिथं त्यांच्या वडिलांची साधारण ६५ एकर जमीन होती. जमीन होती, पण पैसा कधी टिकला नाही. तीन भावंडांत रेचल शेंडेफळ. आई मारिया शिकलेली होती, शिक्षिका राहिलेली होती. ती पोरीला घेऊन रानात हिंडायची, पाखरं दाखवायची, फुलं ओळखायला शिकवायची. गावात सरस बनवणारा कारखाना होता, त्याचा घाण वास गावभर पसरायचा. चांगली हवा आणि बिघडलेली हवा यातला फरक या पोरीला लहानपणीच कळला.

लिहायचं वेड मात्र पहिल्यापासून. १९१८ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, तिची गोष्ट मुलांच्या मासिकात छापून आली. पुढं कॉलेजला गेली ती भाषा शिकायला, लेखिका व्हायला. फीसाठी आईनं घरातली चिनी मातीची भांडी विकली, पियानोच्या शिकवण्या घेतल्या. कॉलेजात मेरी स्किंकर नावाच्या जीवशास्त्राच्या बाई भेटल्या आणि रेचलनं विषयच बदलला. १९३२ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून त्यांनी प्राणिशास्त्रात एम. ए. केलं. पीएच. डी. करायची होती. पण तो काळ महामंदीचा, घर त्यांच्याच जिवावर, म्हणून १९३४ मध्ये शिक्षण सोडावं लागलं. पुढच्याच वर्षी वडील गेले.

नोकरी, घर आणि समुद्र

सरकारच्या मत्स्य विभागाला रेडिओवर माशांविषयी छोटे कार्यक्रम करायचे होते. शास्त्रज्ञांना लिहिता येत नव्हतं आणि लेखकांना शास्त्र कळत नव्हतं. रेचल यांना दोन्ही येत होतं. ते काम त्यांनी केलं आणि १९३६ साली त्याच विभागात कायम झाल्या. तिथं शास्त्रीय पदावर लागलेल्या त्या दुसऱ्याच महिला.

१९३७ मध्ये थोरली बहीण वारली. तिच्या दोन लहान मुली रेचल आणि त्यांच्या आईनं सांभाळल्या. दिवसा ऑफिस, रात्री लिखाण, असं पंधराएक वर्षं चाललं. १९५१ साली समुद्रावरचं त्यांचं पुस्तक आलं आणि नशीब पालटलं. ते ८६ आठवडे सर्वाधिक खपाच्या यादीत होतं. पैसे आले तेव्हा १९५२ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. पण निवांतपणा लाभला नाही. १९५७ मध्ये एक भाची वारली, तिचा पाच वर्षांचा मुलगा रॉजर पोरका झाला. पन्नाशीतल्या कार्सनबाईंनी त्याला दत्तक घेतलं. त्यांनी स्वतः लग्न केलं नव्हतं.

डीडीटीचा जमाना

आता त्या काळाची हवा समजून घ्या. डीडीटी हे रसायन बनलं १८७४ सालीच, पण ते कीटक मारतं हे स्वित्झर्लंडच्या पॉल म्युलर यांना १९३९ मध्ये कळलं. दुसऱ्या महायुद्धात उवांमुळं पसरणारा टायफस ताप डीडीटीनं आटोक्यात आणला, हिवतापाचे डास मारले. लाखो जीव वाचले, आणि म्युलर यांना १९४८ चं नोबेल मिळालं. आपल्याकडंही १९५३ पासून राष्ट्रीय हिवताप कार्यक्रमात घराच्या भिंतींवर डीडीटी मारायला पथकं गावोगाव फिरायची. पुढं रायगड जिल्ह्यातल्या रसायनी इथं सरकारी कारखान्यात डीडीटी बनू लागलं.

युद्ध संपल्यावर अमेरिकेत हेच डीडीटी शेतात, बागेत, शहरात सर्रास वापरात आलं. विमानातून मारायचे. खाली घर आहे की विहीर, शाळा आहे की दुभती जनावरं, कोण बघतो? कार्सनबाईंना १९४५ मध्येच शंका आली होती. त्यांनी एका मोठ्या मासिकाला त्यावर लेख देऊ केला, मासिकानं नको म्हटलं.

जानेवारी १९५८ मध्ये त्यांच्या एका ओळखीच्या बाईंचं पत्र आलं. मॅसॅच्युसेट्स राज्यात डास मारायला विमानातून फवारणी झाली होती आणि त्या बाईंच्या अंगणातली पाखरं तडफडून मेली होती. कोणीतरी यावर लिहायला हवं, म्हणून कार्सनबाईंनी इतरांना विचारून पाहिलं. शेवटी स्वतःच बसल्या. चार वर्षं लागली.

तळ्यातल्या विषाचा हिशेब

त्यांनी गोळा केलेल्या उदाहरणांत कॅलिफोर्नियातल्या क्लिअर लेक या तळ्याचं उदाहरण प्रत्येक शेतकऱ्यानं वाचावं असं आहे. तळ्यावर चिलटं फार होती. चावत नव्हती, पण मासेमारीला येणाऱ्यांना त्रास व्हायचा. म्हणून डीडीटीचं भावंड असलेलं डीडीडी हे रसायन पाण्यात सोडलं. पहिली खेप १९४९, मग १९५४, मग १९५७. प्रमाण किती? जास्तीत जास्त पाच कोटी भाग पाण्याला एक भाग औषध. कोणीही म्हणेल, एवढ्यानं काय होतंय.

पण पाण्यातल्या बारीक शेवाळानं आणि जीवांनी ते विष अंगात धरलं, पाण्याच्या अडीचशे पट. त्यांना लहान मासे खातात, लहान माशांना मोठे मासे, माशांना पाखरं. प्रत्येक पायरीवर विष साठत गेलं, कारण ते पाण्यात विरघळत नाही, चरबीत जाऊन बसतं आणि लवकर बाहेर पडत नाही. मासे खाणाऱ्या पाणडुबीच्या जातीच्या पक्ष्यांच्या चरबीत ते पाण्याच्या ८०,००० पट सापडलं. तळ्यावर त्यांच्या हजाराहून जास्त जोड्या होत्या, त्यातल्या तीसेक उरल्या.

दुसरं उदाहरण मिशिगनचं. एल्म नावाच्या झाडांना रोग आला म्हणून झाडांवर डीडीटी मारलं. पानं गळून मातीत गेली, ती गांडुळांनी खाल्ली, गांडुळं रॉबिन पाखरांनी खाल्ली, आणि पुढच्या वसंतात पाखरं पटापट मेली. फवारणी झाडावर होती, मेलं जमिनीवरून दाणापाणी टिपणारं पाखरू.

मग माणसाचं काय? कार्सनबाईंचा मुख्य प्रश्न हाच होता. विष पोटात जाऊन माणूस लगेच दगावला तर सगळ्यांना दिसतं. पण थोडं थोडं, दूध, भाजी, पाणी, हवेतून वर्षानुवर्षं गेलं तर? पुस्तकात त्यांनी कॅन्सरवर वेगळं प्रकरण लिहिलं. लंडनमध्ये धुराडी साफ करणाऱ्यांना काजळीमुळं कॅन्सर होतो, हे पर्सिव्हल पॉट या डॉक्टरांनी १७७५ सालीच नोंदवलं होतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेतले डॉ. विल्हेल्म ह्यूपर यांनी रंगाच्या कारखान्यांतल्या कामगारांच्या मूत्राशयाच्या कॅन्सरवर काम केलं होतं. त्यांच्याशी कार्सनबाईंनी बरीच चर्चा केली. मुद्दा साधा होता : कारण आज घडतं, आजार वीस वर्षांनी दिसतो, म्हणून दोघांचा संबंध कोणाच्या ध्यानात येत नाही.

आजार घरातच

आणि नेमकं तेच प्रकरण लिहीत असताना कॅन्सर त्यांच्याच घरी आला. १९६० च्या वसंतात त्यांच्या स्तनाचं मोठं ऑपरेशन झालं. डॉक्टरांना गाठ कॅन्सरची आहे हे माहीत होतं, पण त्यांनी पेशंटला सांगितलं नाही. त्या काळी बाईमाणसाला असं सांगायची रीत नव्हती. वर्षाच्या शेवटी, आजार पसरल्यावर, दुसऱ्या डॉक्टरांकडून त्यांना खरं काय ते समजलं. मधले कितीतरी महिने उपचाराविना वाया गेले. ज्या बाईनं लोकांना खरं कळायला हवं म्हणून जिवाचं रान केलं, तिच्याच शरीराबद्दलचं खरं तिच्यापासून लपवलं गेलं.

मग विकिरणाचे उपचार, पोटातले अल्सर, सांधेदुखी, डोळ्यांना सूज येऊन काही काळ वाचताही येईना. मदतनीस वाचून दाखवायची, त्या दुरुस्त्या सांगायच्या. घरात लहान रॉजर. हे सगळं त्यांनी बाहेर कोणाला कळू दिलं नाही. कंपन्या म्हणतील, बाईला स्वतःला कॅन्सर झालाय म्हणून रसायनांवर राग काढतेय. तसं कोणाला म्हणायला जागाच ठेवायची नव्हती.

पुस्तक आलं आणि वादळ उठलं

जून १९६२ मध्ये एका साप्ताहिकात लेख येऊ लागले, सप्टेंबरमध्ये पुस्तक आलं. नाव सायलेंट स्प्रिंग, म्हणजे ज्या वसंतात पाखरांचा आवाजच उरला नाही असा वसंत. एका कंपनीनं प्रकाशकाला खटल्याची धमकी दिली. रसायन उद्योगानं पैसा ओतून पुस्तकाविरुद्ध प्रचार केला. बाई भावनेच्या भरात लिहिते, शास्त्र तिला कळत नाही, हिचं ऐकलं तर रोगराई माजेल, असं सांगितलं गेलं. बिनलग्नाच्या बाईला पुढच्या पिढीची काळजी कशाला, असलंही बोललं गेलं.

राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी आपल्या विज्ञान सल्लागार समितीला तपासणी करायला लावली. एप्रिल १९६३ मध्ये टीव्हीवर कार्यक्रम झाला, त्यात कार्सनबाई शांतपणे, हळू आवाजात बोलल्या. ते लाखो लोकांनी पाहिलं. मे महिन्यात समितीचा अहवाल आला आणि त्यानं त्यांच्या म्हणण्याला बरीचशी पुष्टी दिली. जूनमध्ये त्यांनी सिनेटच्या समितीपुढं साक्ष दिली. आपल्या घरात दुसऱ्यानं विष फवारू नये हा नागरिकाचा हक्क आहे, अशी बाजू मांडली. तेव्हा कॅन्सर हाडांत गेला होता, चालणं मुश्किल झालं होतं. बघणाऱ्यांना त्याचा पत्ता नव्हता.

१४ एप्रिल १९६४ रोजी त्या गेल्या. वय ५६. पुढं १९७० मध्ये अमेरिकेत पर्यावरण संरक्षण संस्था उभी राहिली आणि १९७२ मध्ये तिथं डीडीटीवर बंदी आली.

मग बाईचं सगळं बरोबर होतं का?

प्रश्न रास्त आहे. आजही काही जण म्हणतात, डीडीटी बंद झालं म्हणून हिवतापानं माणसं मेली आणि पाप कार्सनबाईंचं. पण सगळी फवारणी बंद करा असं त्या म्हणत नव्हत्या. जपून वापरा, गरजेपुरतं वापरा, आणि बेसुमार मारलं तर डासच त्या औषधाला पचवायला शिकतील, हे त्यांनी सांगितलं होतं. तसंच झालं. हिवतापासाठी घराच्या आत डीडीटी मारायची मुभा जगात आणि भारतातही राहिली. भारतात शेतीसाठीचा वापर १९८९ मध्ये थांबवण्यात आला.

कॅन्सरचं म्हणाल तर डीडीटी आणि स्तनाच्या कॅन्सरचा संबंध सगळ्या अभ्यासांत सारखा दिसला नाही. कॅलिफोर्नियातल्या एका दीर्घ अभ्यासात मात्र लहानपणी डीडीटीशी संबंध आलेल्या बायकांमध्ये धोका जास्त आढळला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं २०१५ मध्ये डीडीटीला माणसात कॅन्सर होण्याची दाट शक्यता असलेल्या पदार्थांच्या गटात टाकलं. इतक्या वर्षांनी.

आपल्या देशात काय झालं

केरळच्या कासारगोड जिल्ह्यात काजूच्या बागांवर वर्षानुवर्षं हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान मारलं. तिथल्या गावांत व्यंग घेऊन जन्मलेली मुलं, मज्जासंस्थेचे आजार दिसू लागले. मे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एंडोसल्फान देशभर थांबवलं. २०१७ च्या हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन २० च्या वर शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. ही झाली लगेच दिसणारी विषबाधा. वीस वर्षांनी दिसणारी कोण मोजणार?

कार्सनबाईंचं मागणं एकच होतं. जे विष आपल्या अंगावर येणार आहे, ते काय आहे हे आपल्याला कळलं पाहिजे. आज निदान एवढं तरी आपल्या हातात आहे. डब्यावर रंगीत त्रिकोण असतो : लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सगळ्यात कमी. हिरवा म्हणजे निर्धोक असं मात्र समजू नका. डब्यासोबतच्या कागदावर विषबाधेची लक्षणं आणि उतारा छापलेला असतो. अक्षर बारीक असतं, तर मोबाईलवर फोटो काढून मोठं करून वाचा. फवारताना कोणाला गरगरलं, उलटी झाली, डोळ्यांपुढं अंधारी आली, तर कपडे बदलून अंग धुवा आणि दवाखान्यात जाताना तो डबा सोबत न्या. पोटात किंवा अंगावर काय गेलंय हे डॉक्टरांना कळलं, तरच नेमका उपचार लवकर सुरू होतो.